ईज पडली

सप्टेंबरातली दुपार. जळकोटच्या बाजूनं आभाळ काळंठिक्कर झालेलं, आणि हा बाबा रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभा राहून मोबाइल वर धरतोय!

लुंबिनीनं स्कूटी करकचून थांबवली. “ओ! मरायचंय का? निघा झाडाखालून!”

“एक मिनिट मॅडम... गडगडाट रेकॉर्ड करून राहिलो. गाण्यात टाकायचाय.”

“अन् तुमचं नाव मी पंचनाम्यात टाकू?”

ती तिथं बदलून आलेली नवी तलाठी. वीज पडून कुणाची म्हैस गेली, कुणाचा माणूस गेला, की कागद घेऊन तिलाच जावं लागे. हा नागसेन गाणी लिहायचा, आणि त्याच्या गाण्यांत वीज पडायची ती फक्त काळजावर. समोरच्या शाळेच्या पडवीत दोघं तासभर अडकले.

“पोरीची नजर म्हणजे ईज, हे कुणी सांगितलं तुम्हाला? जळालेली म्हैस पाहिली का कधी?”

“म्हैस न्हाई पाहिली... नजर आत्ताच पाहिली.”

तिनं तोंड फिरवलं, पण हसू काही ओठांत मावेना.

मग फोन झाले, स्टँडवरचा चहा झाला. महिन्याभरानं त्यानं सरळ विचारलं, “तुमच्या घरी येऊन बोलू का?”

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

आठ दिवस झाले तरी सांगितलं नाही. माणूस आवडला नव्हता असं थोडंच होतं! पण किती अंगणांतून तिनं बायकांचे चेहरे पाहिले होते... जीव लावायचा, आणि एका क्षणात—

नवव्या दिवशी दुपारी पुन्हा आभाळ गरजू लागलं आणि फोन वाजला. नागसेनचा दोस्त बालाजी ओरडत होता, “मॅडम, नागसेनची ईज पडली! लवकर या—” आणि रेंज गेली.

तिनं नागसेनला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

सवयीच्या हातांनी पंचनाम्याचे कागद पिशवीत घातले आणि ती भर पावसात निघाली. डोक्यात एकच रकाना फिरत होता... ‘मयताशी नाते’. तिथं कुणी आई लिहितं, कुणी बायको. आपण काय लिहायचं? तलाठी?

नागसेनच्या दारात ही गर्दी! ओट्यावर बायका दाटून बसलेल्या. लुंबिनीच्या हातून स्कूटी आडवी झाली.

“कुठं... कुठं ठेवलंय त्याला?”

गर्दी वळली. मधून पेढ्यांचं ताट घेऊन नागसेनच बाहेर आला.

“कुणाला ठेवलंय? मॅडम, गाणं पडलं यूट्यूबवर! नावच ‘ईज’ ठेवलंय. बालाजीच्या मोबाइलवर सगळे बघून राहिलेत.”

“आणि तुझा फोन?”

“सकाळपासून लाइट न्हाई, चार्जिंग—”

“आग लागो तुझ्या चार्जिंगला! जीव गेला असता माझा! तुला काही झालं असतं तर मी कुणाकडं बघितलं असतं रे?” तिला हुंदका आवरेना.

ओट्यावर नागसेनची आई पंचशीला शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, “बाई गं! तलाठीन बाई आपल्या पोराला अरे-तुरे करायल्या की!”

लुंबिनीनं जीभ चावली. नागसेन ताट धरून तसाच पावसात उभा, ओलाचिंब.

“मॅडम...”

“लुंबिनी म्हण,” ती डोळे पुसत म्हणाली. “उद्या ये घरी बोलायला. पण आभाळ उघडल्यावरच नीघ... ऐकतोयस ना?”