सविताचं बोट

हसायचं तर खुशाल हसा. पण हे घडलंय. गेल्या पौषातली अमावास्या, शिरूरजवळची फायबर केबलची कंपनी, आणि टेस्टिंगच्या टेबलावर माझी मावसबहीण अनुपमा.

अनुपमा विश्वजीतची दुसरी बायको. पहिली सविता, डेंग्यूनं गेली. ती याच टेबलावर काम करायची.

लग्नात सासूनं, तुळजाबाईंनी, सविताच्या नावाचा चांदीचा टाक, मेलेल्या सवतीसाठी घालतात तो ठसा, अनुपमाच्या गळ्यात घातला. "सवतीला मान दे. म्हंजी ती तरास देत न्हाई."

अनुपमा आतून जळायची. घरात सविताच्या भाकरीचं कौतुक, कंपनीत सविताच्या हाताचं! जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीचं काय करायचं?

त्या सकाळी तिनं टाक काढला आणि इनामगावपाशी घोड नदीत भिरकावला.

संध्याकाळी ती कामाला बसली.

काम असं की, काचेच्या बारीक तारेत उजेड सोडायचा. किती मधून जातो, किती कडेनं, ते स्क्रीनवर मोजायचं. तार जाड दांडीला गुंडाळली की कडेचा उजेड गळतो, वळण बारीक तितका जास्त. दांडी हाताशी नसली की सविता तार खुशाल स्वतःच्या बोटाला गुंडाळायची.

अनुपमानं अजून दांडी घेतलीच नव्हती. तार टेबलावर सरळ होती, म्हणजे कडेचा उजेड दिसायलाच हवा.

आणि स्क्रीनवर कडेचा उजेड… नव्हताच.

तिनं टोकं पुसली. तार बदलली.

तेच.

एसीची घरघर थांबली. मग… बांगड्या किणकिणल्या.

तिथं बांगड्या घालून कुणाला येऊच देत नाहीत.

विश्वजीत तिथला सुपरवायझर. तो आत आला आणि स्क्रीन बघून थबकला.

"दांडीवर एवढा उजेड गळत न्हाई," तो हळूच म्हणाला. "हे बारीक बोटावरचं हाय."

"अवो, तार सरळ हाय! बघा तरी!"

त्यानं तारेकडे बघितलंच नाही. स्क्रीनकडे बघून हसला. लग्नापासून अनुपमा ज्या हसण्याची वाट बघत होती, ते हसू.

भीती नंतर वाटली. आधी अंगाचा भडका उडाला.

तुळजाबाईंनी नवा टाक करून घातला. अनुपमा तो आंघोळीलाही काढत नाही. उपयोग शून्य. त्या टेबलावर आता विश्वजीत स्वतः बसतो, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

परवा ती त्याला बोलवायला गेली. तार सरळच होती. तो तारेशेजारी आपलं बोट पुढं करून बसला होता, कुणीतरी ते धरल्यासारखा…

तिनं हाक मारली.

"आलो," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "जातो गं. उद्या येतो."

हे अनुपमाला नव्हतं. कुणाला होतं, ते तिनं अजून विचारलेलं नाही.