कोटाच्या बाहीतला वेल

ही गोष्ट आजवर कुणालाही खरी वाटलेली नाही, तुम्हालाही वाटणार नाही. पण मधेच उठून कुणी गेलं तर मी गोष्टी सांगणं सोडून देईन.

एका सकाळी एक मुलगी कपाटातला कोट काढायला जाते, बाहीत हात घालते... आणि आतून कुणीतरी तिचं बोट धरतं.

हळूच. अगदी अदबीने.

ती किंचाळली नाही. आवाजच फुटला नाही तर किंचाळणार कशी? हात बाहीत अडकलेला, डोळे कपाळात गेलेले, आणि बोटाभोवती दोऱ्याएवढं बारीक, हिरवंगार काहीतरी स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. बाहीतून वर चढलेला वेल कॉलरमधून डोकावत होता. त्याला एक पिवळं फूल आलं होतं, आणि कोटाची वरची दोन बटणं त्याने आपली आपणच लावून घेतली होती. हसू नका. पुढे याहून भयंकर आहे.

ही मुलगी म्हणजे रफूवाली. कपड्याला पडलेलं भोक ती असं बुजवायची की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. खोलीला ओल फार, म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे बुरसटू नयेत यासाठी कपाटात दिवसभर एक बल्ब जळत ठेवायची. आणि महिनाअखेर ही खोली ती सोडणार होती. बसने दिवसभराच्या वाटेवर एका नाटक कंपनीने तिला कपडेपटात नोकरी दिली होती. लोकांच्या फाटक्या खिशांऐवजी आता राजाराण्यांचे झगे तिच्या सुईखालून जाणार होते. याच दिवसाची वाट बघत तिने इतकी भोकं बुजवली होती.

तिने कोट बाजूला सारला. वेल कपाटाच्या पाठीमागून येत होता, भिंतीतला जुना पाइप काढल्यावर उरलेल्या भोकातून. म्हणजे शेजारच्या खोलीतून.

शेजारचं दार उघडलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराने. हातात चाळणी, चाळणीत मुळं.

"तुमचं काहीतरी माझ्या कोटात शिरलंय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्याने तिला पटकन आत घेऊन दार लावलं, कारण व्हरांड्यात घरमालकीण खुर्ची टाकून बसलेली असायची. एकदा एका भाडेकरूची कुंडी तिच्या खांद्यावर पडली होती. तेव्हापासून घरात मातीचा कण किंवा झाडाचं पान दिसलं की भाडेकरू बाहेर, हा तिचा कायदा.

त्याने आपलं कपाट उघडलं, आणि रफूवाली मटकन खाली बसली.

आत उजेडाचा पूर आला होता. चिप्सची रिकामी पाकिटं उलटी करून चकचकीत बाजूने सगळ्या फळ्यांना चिकटवलेली. दाराला टांगायच्या चपलांच्या कापडी खणांत एकेक पालेभाजी. हँगरला उलट्या टांगलेल्या कापलेल्या बाटल्या, आणि जुन्या बनियनच्या चिंध्यांच्या वाती पाणी ओढून थेट मुळांना पाजतायत. मातीऐवजी फाटक्या उशीतला काथ्या. अंड्यांच्या ट्रेमध्ये कोवळी रोपं, ओलावा टिकावा म्हणून त्यांच्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी. आणि या सगळ्यांना मोडक्या संगणकातला पंखा वारा घालतोय.

"कशासाठी पण हे सगळं?" तिने विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "दिवसभर मी लिफ्टच्या खड्ड्यात असतो. घरी आल्यावर काहीतरी वर चढताना बघावंसं वाटतं... मधेच न अडकता."

कोटातला वेल काकडीचा होता. त्याच्या कपाटातल्या दोन ट्यूबपैकी एक मेल्यात जमा होती, म्हणून वेलाने तिच्या बल्बची वाट धरली होती. "चांगला उजेड जिथे असेल तिथे तो जाणारच," तो म्हणाला. हे आपण कुणाच्या चेहऱ्याकडे बघून बोललो हे लक्षात आलं, तसा तो चाळणीतल्या मुळांशी खेळू लागला.

तिच्या गळ्यात छोटी कात्री कायम लटकलेली असे. एक कचका, की काम झालं असतं. पण ती म्हणाली, राहू दे महिनाअखेरपर्यंत, नाहीतरी मी जाणारच आहे. ती जाणार आहे हे त्याला तेव्हा कळलं. तो बाटलीत पाणी ओतत होता, बाटली भरली, वाहिली, पाणी त्याच्या पायावर आलं, आणि त्याला पत्ताच नाही.

मग नवीच पंचाईत झाली. वेलाला फुलं आली भरपूर, पण काकडी धरेना. त्याने बरंच अडखळत तिला समजावलं की फुलं दोन प्रकारची असतात. मधमाश्या ह्याचे पराग, ती पिवळी भुकटी, त्याला नेऊन देतात. बंद कपाटात मधमाशी कुठली?

"म्हणजे तुमच्याकडे सगळे नवरदेव, आणि माझ्या कोटात सगळ्या नवऱ्या," ती म्हणाली. "हे तुम्ही ठरवून केलंत?"

"मी नाही. वेलाने."

"वेलाला कुणी शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी तो रंगकामाचा एक बारीक ब्रश घेऊन आला. पण व्हरांड्यातली खुर्ची कोण कुणाकडे गेलं ते बघत बसलेली. म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हरने भिंतीतलं भोक हात जाईल एवढं मोठं केलं. मग रोज कामावर जाण्याआधी तो आपल्या फुलांवरून ब्रश फिरवायचा आणि कपाटातून हात पलीकडे घालायचा. दिसायचं काहीच नाही, म्हणून ती वाट दाखवायची.

"डावीकडे... अजून थोडं... ते फूल नाही, माझी वेणी आहे."

हात तिथेच थांबायचा. जरा जास्तच थांबायचा. एकदा तिने भिंतीला विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय का. भिंत म्हणाली, "बोलायचंय... पण भुकटी सुकेल."

काय बोलणार बिचारा? थांब म्हणावं, तर तिचे राजाराण्यांचे झगे हातचे जातील. न म्हणावं, तर तीच जाईल. दोन्हीकडून लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकलेली.

तेवढ्यात वेलाने कहर केला. कपाटात एक शाल रफूसाठी आली होती, कसरीने खाल्लेली. सकाळी बघते तर वेलाचा एक बारीक तंतू भोकात शिरून, एक धागा वर एक धागा खाली करत, अख्खं भोक विणून मोकळा झालेला. हिरवट छटा सोडली तर रफू कुठे आहे ते खुद्द रफूवालीला सापडेना. गिऱ्हाईक म्हणालं, यावेळी हात भलताच छान बसलाय. त्या दिवशी तिने सुईला हात लावला नाही.

इथे माझ्या मोठ्या नातीने विचारलं, "आजोबा, वेल रफू करतो?" मी म्हटलं, पटत नसेल तर ऊठ. उठली नाही.

महिना संपायला आला. जाण्याच्या आदल्या सकाळी घरमालकीण खोली बघायला आली, नवीन भाडेकरूसाठी. रफूवाली आडवी यायच्या आत तिने कपाटाचं दार उघडलं.

टांगलेल्या दोन कोटांच्या मधून एक केसाळ पुरुषी हात कोपरापर्यंत बाहेर आला होता, आणि ब्रशने एका पिवळ्या फुलाला गोंजारत होता.

घरमालकिणीच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. तो आवाज ऐकून हात जागच्या जागी गोठला. ब्रश हवेत.

"हा... हात कुणाचा?"

शेजाऱ्याचा, एवढं म्हटलं असतं तर रफूवाली सुटली असती, आणि तो त्याच दिवशी सामानासकट रस्त्यावर आला असता.

"माझा," ती म्हणाली.

"अगं, तुझे दोन्ही हात कमरेवर आहेत."

"असू देत. हाही माझाच."

कपाटातल्या हातातून ब्रश गळून पडला.

घरमालकीण पलंगावर बसली, पाणी प्यायली, परत एकदा हाताकडे बघून आली, आणि मग निकाल दिला: उद्या सकाळपर्यंत वेल कापून भोक बुजवा, नाहीतर तुझं सामानही जाऊ देणार नाही आणि त्या हाताच्या मालकालाही बघते.

दुसऱ्या सकाळी पिशव्या भरून झाल्या. रफूवाली कपाटासमोर उभी राहिली. भिंतीपलीकडे तो उभा होता, ते तिला कळत होतं. तिने वाट बघितली... फार वाट बघितली. तो काही बोलला नाही. मग तिने कात्री काढली, डोळे मिटले, आणि वेल कापला. कोट अंगात घालून ती बसमध्ये बसली, ती गेलीच. लिफ्टवाला पुरुषासारखा ताठ उभा राहिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही त्याने. फक्त त्यानंतर जन्मभर काकडीला तोंड लावलं नाही.

एवढं सांगून मी सुस्कारा सोडला. धाकटी नात ओढणीने नाक पुसत होती, मोठी माझ्याकडे रागाने बघत होती, जणू बस मीच चालवत होतो. माझं मन अगदी भरून आलं. गोष्ट फारच झकास वठली होती.

"अहो," दारातून त्यांच्या आजीचा आवाज आला. किती वेळ उभी होती कोण जाणे. "खोटं बोलताय ते बोला, पण पोरींना रडवू नका. मी वेल कापला, तर बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर तो अख्खा वेल बाटलीसकट मांडीवर घेऊन, हुंदके देत कोण बसलं होतं? कंडक्टरने विचारलं, कुठलं तिकीट? तर म्हणालात, मला नाही माहीत, ह्या जिथे उतरतील तिथलं द्या."