टोपीखालचा दिवा

पहिला एलईडी पेटला तो क्षणभरच. मग फट् आवाज झाला, जळका वास आला आणि भोंगा टेबलाखाली जाऊन बसला.

"ये बाहेर. बॉम्ब नाहीये तो," ठिणगी म्हणाली. "मध्ये रेझिस्टर लावायचा राहिला. थेट बॅटरीला जोडला की एलईडी जातोच."

"मग आधी सांगायचं ना. माझी भुवई गेली असती."

"गेली असती तरी कुणाला कळलं असतं?" मुंगी म्हणाली.

मुंगी ही भोंग्याची धाकटी बहीण. ती फार बोलायची नाही, पण बोलायची ते नेमकं भोंग्याच्या वर्मावर. ही दोघं वसाहतीतलीच, आणि त्यांचे बाबा वसाहतीचे सेक्रेटरी. ठिणगी सुट्टीपुरती मावशीकडे आली होती. मावशीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान फाटकाला लागूनच होतं. दुकानामागच्या खोलीत मावशीने भाचीला तारांना कथिलाचा डाख द्यायला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून तिचं नाव ठिणगी पडलं होतं.

तिघांनी हाती घेतलेलं काम शिट्टीकाकांचं होतं. शिट्टीकाका म्हणजे वसाहतीचे रखवालदार. फाटकाजवळच्या खोलीत ते एकटेच राहायचे. काकू गेल्यापासून त्यांची शिट्टी जरा जास्तच वाजते, असं लोक म्हणायचे. रोज दिवेलागणीला ते सायकलवर बसून गस्तीला निघत. सायकलला दिवा नव्हता. मागच्या आठवड्यात वळणावर एक मोटार त्यांच्या इतक्या जवळून गेली की मागचं मडगार्ड वाकलं. काकांनी ते दगडाने ठोकून सरळ केलं आणि हसून सोडून दिलं. पण मुलांनी ते पाहिलं होतं. काकांच्या सायकलला लुकलुकणारा लाल दिवा बसवायचाच, असं त्यांनी ठरवलं.

लुकलुकण्याची युक्ती ठिणगीला येत होती. दोन ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि असे जोडायचे की एक जागा झाला की दुसरा झोपेल आणि दुसरा उठला की पहिला झोपेल. भोंग्याच्या मते हे हुबेहूब त्याच्या आणि मुंगीच्या अभ्यासासारखं होतं. अडचण एकच होती. मावशीच्या खणात होते ते एलईडी बारीक आणि पांढरे. लांबून दिसतील असे मोठे लाल हवे होते.

ते त्यांना वाटेत सापडले. फाटकापासून वाचनालयापर्यंत नळासाठी लांबलचक चर खणला होता. कडेला मातीचा ढीग, त्याला गुंडाळलेली दोरी, आणि ढिगावर चिखलात आडवा पडलेला एक लाल दिवा. डोक्यावर छोटी सौर पट्टी असलेला. भर दुपार होती. भोंग्याने दिव्याचं बटण दाबून पाहिलं, दिवा हलवला, कानाशी धरला. दिवा काही लागला नाही.

"मेलाय," भोंग्याने निकाल दिला.

मुंगीचं म्हणणं पडलं की शिट्टीकाकांना विचारू या, ते समोरच बसलेत. ठिणगी म्हणाली की मेलेल्या दिव्याचं काय विचारायचं, आणि विचारलं तर त्यांना आश्चर्याचा धक्का कसा देणार?

दिवा पिशवीत गेला. मागच्या खोलीत त्याचं पोट उघडलं. ठिणगीने एकेक लाल एलईडी सोडवून तपासला, तर सगळे ठणठणीत! बाकीचं सामान तिने डब्यात टाकलं. त्यात वाटाण्याएवढी एक चकती होती, तिच्यावर नागमोडी रेघ. ही कशाची, असं मुंगीने विचारलं. आपल्या कामाची नाही, असं ठिणगीने सांगून टाकलं.

सायकलला दिवा बसला त्या संध्याकाळी अर्धी वसाहत फाटकाशी जमली. काकांनी एक चक्कर मारली. पार टोकाच्या वळणापर्यंत तो लाल दिवा लुकलुकत गेला आणि तसाच परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी तर येत्या बैठकीत तिघांचा सत्कार करायचं जाहीर करून टाकलं. भोंगा रात्री झोपेपर्यंत एकदाही मुंगीशी भांडला नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी ग्रंथपाल बाई चरात पडल्या.

वाचनालय बंद करून त्या नेहमीच्या वाटेने येत होत्या. दोरी सैल होऊन मातीला टेकली होती, ती अंधारात त्यांना दिसली नाही. शिट्टीकाकांनीच त्यांना वर काढलं. उजवं मनगट मोडलं होतं.

सकाळी चर खणणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम आला. त्याने चराकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं आणि मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. आपण चरावर दिवा लावला होता. काल काम संपवून निघालो तेव्हा तो लुकलुकताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर कुणीतरी तो काढला. फाटकावर रात्रंदिवस माणूस बसलेला असताना दिवा जातो कसा? एक तर या माणसाने डोळे मिटले, नाहीतर हात मारला.

शिट्टीकाकांनी मातीला टेकलेली दोरी उचलून ताणून बांधली. चोरीचा आळ येऊन हा माणूस गप्प कसा राहतो, हेच भोंग्याला कळेना. सेक्रेटरींनी बैठकीत विषय घ्यायचं ठरवलं. रखवालदार बदलायचा म्हणजे खोलीही सोडावी लागणार, हे मुलांना भोंग्याच्या आईकडून कळलं. काकूंनी हाताने रंगवलेल्या फळ्या त्या खोलीत अजून होत्या.

"चोर आपण शोधायचा," ठिणगी म्हणाली. "बैठकीच्या आत."

आपण उचललेला दिवा तोच असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आपला दिवा मेलेला होता. चोरीला गेलेला दिवा बाई पडल्या त्या संध्याकाळपर्यंत लुकलुकत होता, मुकादमाने तो पाहिला होता. म्हणजे दिवे दोन, हे उघडच होतं.

तिघं कामाला लागली. चराच्या कडेचे बुटांचे ठसे पाहिले. ते सगळे मजुरांचे निघाले. मजुरांना विचारलं, तर त्यांना दिव्याचं काही माहीत नव्हतं. मग भोंग्याला भंगारवाला आठवला. तो पलीकडच्या गल्लीत हातगाडी घेऊन उभा होता. भोंग्याने कमरेवर हात ठेवून त्याला सांगितलं की गाडी तपासायची आहे.

भंगारवाल्याने गाडीवरचं पोतं स्वतःच्या हाताने बाजूला केलं. "बघा बाळांनो, नीट बघा," तो म्हणाला. "काही हरवलं की सगळ्यांना माझीच गाडी आठवते."

गाडीत रद्दी, बाटल्या आणि एक मोडका पंखा होता. ठिणगीला तिथून लवकर निघावंसं वाटलं. पोतं परत टाकायला तिने मदत केली आणि मान खाली घालून ती निघाली.

दुपारी तिघं चरापाशी परतली. अपघातानंतर मुकादमाने घाईघाईने नवे दिवे लावले होते, चराच्या दोन्ही टोकांना एकेक आणि मध्ये काही. ऊन रणरणत होतं. भोंगा म्हणाला की हेही सगळे मेलेलेच दिसतात, बटण दाबलं तरी एक लागत नाही, या मुकादमाचीच तक्रार करायला हवी.

मुंगीला उकडत होतं. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि जवळच्या दिव्यावर अडकवली.

"टोपी लागली," ती म्हणाली.

टोपीच्या पातळ कापडातून लाल उजेड उघडझाप करत होता. ठिणगीने टोपी उचलली. दिवा बंद. परत ठेवली. दिवा सुरू. तिने टोपी बाजूला टाकून दिव्याच्या डोक्यावर नुसता तळहात धरला. बोटांच्या कडा लाल झाल्या.

भोंगा हसला. त्याला ती जादू वाटली. ठिणगी हसली नाही. ती खाली मातीत बसली.

"तो मेलेला नव्हता," ती म्हणाली. "ते दिवे अंधार झाला की आपोआप लागतात. ती नागमोडी रेघेची चकती... तिला उजेड कळतो. आपण तो भर दुपारी बघितला."

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. मग ते सुरू झालं आणि थांबेचना. दिवा खालीच पडलेला होता. आपल्याला काय माहीत. बाईंनी बघून चालायला हवं होतं. आणि आपण बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? बाबा सेक्रेटरी आहेत, सगळ्यांसमोर त्यांचं नाक कापलं जाईल.

मुंगी रडायला लागली होती. रडता रडता तिने विचारलं, बाईंचा हात आपण मोडला का?

ठिणगीने मातीतली टोपी उचलली आणि झटकून तिच्या हातात दिली.

त्या रात्री ठिणगी अर्ध्या ताटावरून उठली. मावशीने कपाळाला हात लावून ताप पाहिला. सांगावं असं ठिणगीच्या अगदी ओठांवर आलं, पण तिने डोकं दुखतंय असं सांगितलं. बाहेरून शिट्टी ऐकू आली. खिडकीतून लाल दिवा लुकलुकत गेला. तिने डोक्यावरून पांघरूण ओढलं. एवढं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि त्याच्याकडे तिला बघवत नव्हतं.

बैठक वाचनालयातच होती. खुर्च्या भरल्या होत्या. ग्रंथपाल बाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पुढे बसल्या होत्या. मुकादम दाराशी उभा होता आणि शिट्टीकाका त्याच्याही मागे. मुलांना वाटलं होतं की आधी काकांचा विषय निघेल. पण सेक्रेटरींनी आधी सत्काराचाच विषय घेतला. चांगल्या गोष्टीने सुरुवात करू या, म्हणाले. तिघांना पुढे बोलावलं. टेबलावर बक्षिसाच्या रंगपेट्या होत्या. बाबांनी स्वतःच्या मुलांबद्दल बोलू नये, पण आजच्या काळात असा विचार करणारी मुलं कुठे असतात, असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून त्यांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

ती थाप ठिणगीला टाळ्यांपेक्षा मोठी ऐकू आली.

"आम्हाला हे नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला परत म्हणावं लागलं. "चरावरचा दिवा आम्ही नेला. त्यातलेच एलईडी काकांच्या सायकलला लावलेत. तो बिघडलाय असं आम्हाला वाटलं. तो बिघडलेला नव्हता."

भोंग्याचे बाबा हातातली रंगपेटी तशीच धरून उभे होते. त्यांची मान हळूहळू खाली गेली. भोंग्याने ते पाहिलं आणि त्याला वाटलं की जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

मुकादमाला मात्र जोर चढला. तो पुढे आला आणि सगळ्यांना सांगू लागला की बघा, आपण तेच म्हणत होतो, दिवा होता, आपण लावला होता, पोरांनी चोरला. आता ठेकेदाराकडे बोट दाखवायचं कारण नाही.

तेव्हा भोंगा बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"तुम्ही म्हणालात, बाई पडल्या त्या संध्याकाळी तुम्ही दिवा लुकलुकताना पाहिला. डोळ्यांनी."

"पाहिलाच."

"त्याच्या आदल्या संध्याकाळी तो दिवा सायकलवर होता. या सगळ्यांनी बघितला. टाळ्या वाजवल्या." तो मुकादमाच्या जवळ सरकला. "आणि त्याच्याही आधी तो चिखलात पडलेला होता. तुम्ही बघायला आलाच नव्हता."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग सगळे मुकादमाकडे पाहू लागले. एवढ्या लांब चराला एकच दिवा का, असं मागून कुणीतरी विचारलं. दोरी कोण घट्ट करणार होतं, असं दुसऱ्याने विचारलं. मुकादमाने शेवटी कबूल केलं की गेले कितीतरी दिवस तो संध्याकाळी इकडे फिरकलाच नव्हता. बाईंच्या औषधपाण्याचं ठेकेदार बघेल, हेही त्याला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं.

सेक्रेटरींनी रंगपेटी टेबलावर ठेवली. "हा चर माझ्या घराच्या खिडकीतून दिसतो," ते म्हणाले. "मीही कधी खाली उतरून बघितलं नाही." मग ते शिट्टीकाकांकडे वळले आणि दोन्ही हात जोडले. काकांनी घाईने त्यांचे हात खाली केले.

ग्रंथपाल बाईंनी तिघांना जवळ बोलावलं. त्या रागावतील म्हणून मुंगी भावाच्या मागे लपली. बाई म्हणाल्या की हात मोडला तेव्हा राग आला होता, आताही थोडा आहे, तो जायला वेळ लागेल. पण काका आज या खोलीतून चोर ठरून बाहेर पडले असते, ते तुमच्यामुळे टळलं, आणि एवढं धाडस इथल्या मोठ्यांपैकी कुणीही दाखवलं नाही. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी येऊन पुस्तकं मांडायची, उजव्या हाताची कामं तुमची. मुंगीने मान डोलावली. मग तिने बाईंच्या प्लास्टरला अगदी हलका हात लावला.

बाहेर शिट्टीकाका सायकलपाशी उभे होते. ठिणगी मावशीच्या दुकानातून पेचकस घेऊन आली. दिवा काढून मुकादमाला परत द्यायला काकांकडे सोपवायचा होता. तिने काकांकडे न बघताच माफी मागितली आणि स्क्रू फिरवायला लागली. पेचकस खाचेत बसेना.

काकांनी दुसऱ्या बाजूने सायकल घट्ट धरली.

"भंगारवाल्याची गाडी तपासली म्हणे तुम्ही," ते म्हणाले.

"उद्या जाणार आहोत त्यांच्याकडे," ठिणगी म्हणाली. "तिघंही."

काकांनी मान डोलावली. "काल वळणावर एक मोटार आली," ते म्हणाले. "मला लांबूनच बघून थांबली. काचेतून हात केला त्या माणसाने. दिवा चांगला केलायत पोरांनो. दुसरा करा. या वेळी मला विचारून करा."

इतका वेळ ठिणगी रडली नव्हती. भर बैठकीतही नाही. आता तिला पेचकस दिसेना. भोंग्याने तो तिच्या हातातून घेतला, पण त्यालाही स्क्रू दिसत नव्हता. शेवटी मुंगीने शोधून शोधून सगळे स्क्रू काढले आणि दिवा काकांच्या ओंजळीत ठेवला.

काका काहीतरी बोलतील म्हणून तिघं उभी राहिली. काका नुसते तिथेच थांबले. त्यांना घाई नव्हती. तिघांपैकी एकाने तरी मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढीच ते वाट बघत होते. ते जमायला मुलांना बराच वेळ लागला.