दुपारी अडीचचा फिल्टर

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर, मृणालिनीवर गुदरलेला प्रसंग आहे. जुलै २००४. अलास्का, फेअरबँक्सच्या उत्तरेला.

त्या उन्हाळ्यात तिथली जंगलं आठवडेच्या आठवडे पेटली होती. धुरात कार्बनची काजळी किती, हे मोजायला मृणालिनी आणि तिचे सीनियर, त्र्यंबककाका, हवा तपासणाऱ्या उपकरणांचा ट्रेलर घेऊन गेले होते. काका मूळचे नागपूरचे, आता न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला असतात. आग आठ मैल लांब होती.

भर दुपारी अडीचला धूर इतका दाटला की ट्रेलरमधले दिवे लावावे लागले.

"फिल्टर चेंज करून येतो. दोन मिनिटं," म्हणत काका बाहेर पडले.

फिल्टरमधून धूर खेचणाऱ्या पंपाची घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली. म्हणजे नवा फिल्टर बसला.

मग... काकांची किंकाळी.

मृणालिनीने दार उघडलं. काका पायरीवर पालथे पडले होते. धुरातून कुणीतरी त्यांचे पाय खेचत होतं.

तिने त्यांचा हात धरून जिवाच्या आकांताने ओढलं. हाताची कातडी सोलून तिच्या मुठीत आली. तरी तिने सोडलं नाही. आत घेतलं. कडी घातली.

धाड!

दाराचा पत्रा आत वाकला. पुन्हा... पुन्हा...

"मृणाल, दार उघड! जळतोय गं मी!"

बाहेरचा आवाज काकांचाच होता.

तिने खाली पाहिलं. जमिनीवरचे काका तिच्याकडे बघत होते. ओठ मिटलेले.

"मृणाल... तू कुणाला आत घेतलंस?" दाराबाहेरून आवाज आला.

तिचा हात कडीकडे गेला. तोच तिचा घोटा कुणीतरी आवळला. निखाऱ्यासारखी बोटं.

"उघडू नकोस," खालून तोच आवाज आला.

तिने नाही उघडलं.

बाहेरच्या किंकाळ्या अकरा मिनिटं चालल्या. मग नखांची खरखर. मग... काहीच नाही.

मदतीचं हेलिकॉप्टर आलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. दारावर मुठींचे खळगे होते, त्यांत करपलेलं मांस चिकटलेलं. आग अजून आठ मैलांवरच होती.

महिन्याने, काकांनी अडीचला बसवलेल्या त्या फिल्टरचा लॅब रिपोर्ट आला. त्यात लाकडाच्या काजळीपेक्षा जळालेल्या चरबीची काजळी जास्त होती.

काका वाचले. घरी परतले.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पत्नीचा, संध्याकाकूंचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या.

"मृणाल, ह्यांच्या खोलीला मी बाहेरून कुलूप लावते. बरोबर करते ना गं?"

मृणालिनीने वाकून घोट्यावरचे बोटांचे डाग चाचपले... ते अजून गेले नव्हते.