कुलपाने दिलेले उत्तर

दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली की डबा उघडायच्या आधी प्रल्हाद वाघचौरे बायकोला मेल लिहीत असे. सुलभा चैत्रात गेली होती. ती होती तेव्हा हा मेल म्हणजे तिचा हुकूम होता. काय खाल्लं, गोळी घेतली का, येताना काय आणणार, सगळे कळवायचे. ती गेल्यावर तिचा पत्ता बंद करायचा राहून गेला, आणि त्याची सवयही मोडली नाही. मेल जात होते, कुठेतरी पोचत होते. तेवढे त्याला पुरत होते.

नाशिकजवळच्या या कंपनीत 'हृदयसाथी' बनत असे. काडेपेटीएवढे हे यंत्र छातीत कातडीखाली बसवायचे. अडखळणाऱ्या हृदयाला ते ठेका देई. आठवड्यातून एकदा छातीवर पट्टा बांधून ते चार्ज करायचे. सुलभाच्या छातीतही तेच होते. प्रल्हादचे काम मात्र यंत्राचे नव्हते. कंपनीच्या मेलवर पहारा ठेवणारे कुलूप तो सांभाळत असे.

त्या दिवशी त्याने लिहिले, 'दोडक्याची भाजी केली, खारट झाली. सुलभा, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू तापाने फणफणली होतीस. यंत्र बंद पडायला नको म्हणून मी घाईने पट्टा बांधला. त्यानंतरच तू गळालीस. पट्ट्यामुळं झालं का गं ते?'

त्याने मेल पाठवला. पडद्यावर लाल ओळ उमटली. 'हा मजकूर प्रतिबंधित मेलशी जुळतो. रोखून धरला आहे.'

तो त्या ओळीकडे बघत राहिला. सहकारी तस्नीम मुल्ला हात पुसत आत आली.

"सर, जेवला नाहीत? भाजी परत खारट?"

"तस्नीम, आपलं कुलूप चुकतं का गं?"

"कुलूप चुकत नाही, माणसं चुकतात. तुम्हीच संचालकसाहेबांना छाती पुढे काढून सांगितलं होतंत."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. वाचता वाचता तिचे हसू मावळले.

"काकूंना लिहिलेलं का अडलं?"

"तेच तुला विचारतोय. पहिल्यापासून सांग. नव्या माणसाला समजावतेस तसं."

तिने खुर्ची ओढली. "जुनी कुलपं शब्द बघायची. गोपनीय मेल पुढे पाठवता येत नसे, छापता येत नसे. मग लोक तो वाचून आपल्या शब्दांत लिहायचे आणि खुशाल पाठवायचे. म्हणून आपण आशयकुलूप केलं. साहेबांनी एखादा मेल प्रतिबंधित केला की कुलूप त्याच्या अर्थाचा ठसा घेतं. आशयठसा. कुलपात मेल नसतो, नुसता ठसा असतो, त्यामुळे आपल्यालाही तो वाचता येत नाही. मग कंपनीत कुणीही काहीही लिहिलं, बाहेरच्याला किंवा शेजारच्या टेबलाला, तरी त्याचा ठसा ताडून बघायचा. जुळला की रोखायचा."

"आणि नुसता प्रश्न विचारला तर?"

"तरी रोखायचा. प्रश्नाच्या पोटातच माहिती असते." तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले. "सर, म्हणजे हे कुणीतरी आधीच लिहिलंय."

"आणि मी ते वाचलेलं नाही."

दोघांनी मग करून बघायचे ठरवले. 'थंडीत पट्टा बांधला की यंत्र मंदावते.' गेला. 'पट्टा जुना झाला की यंत्र मंदावते.' गेला. 'ताप आला की यंत्र मंदावते.' हाही गेला. 'ताप असताना पट्टा बांधला की यंत्र मंदावते.' लाल ओळ.

"बॅटरीला उष्णतेची मर्यादा घातलेली आहे," तस्नीम हळूच म्हणाली. "चार्जिंगने ती तापते, तापाने अंग तापतं. दोन्ही एकदम झालं तर मर्यादा ओलांडत असेल. मग यंत्र बॅटरी वाचवायला स्वतःला आवरतं." तिने हेच लिहून पाठवले. लाल ओळ.

हे सगळे मेल सुलभाच्याच पत्त्यावर चालले होते.

"काकू म्हणतील, आज यांना झालंय काय," तस्नीम म्हणाली. प्रल्हादला हसू आले आणि लगेच डोळे पुसावे लागले.

"कुलूप बोलतंय, सर. जे झाकायचं त्यावरच बोट ठेवतंय."

गावात डेंग्यूची साथ होती. ज्या घरात हृदयसाथी होता, तिथे कुणीतरी मायेनेच घाईघाईने पट्टा बांधणार होते. प्रल्हादने जिल्ह्यातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांना मेल लिहिला. ताप असताना पट्टा बांधू नका, आधी ताप उतरवा, रुग्णाला दवाखान्यात न्या, ताप नसताना मात्र चार्जिंग चुकवू नका. कारणही लिहिले. लाल ओळ आली. तो मेल तसाच अडकलेला ठेवून तो वरच्या मजल्यावर संचालकांकडे गेला.

निरंजन केंघे यांनी सगळे ऐकून घेतले.

"असा मेल नाही," ते म्हणाले.

"नसेल तर कुलपाने अडवायला नको, साहेब."

"मग बाहेर जाऊन सांगा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"बायको गेलेल्या माणसाचं कोण ऐकणार? म्हणतील, दुःखाने डोकं फिरलंय. म्हणून सरकारी तपासनिसाला इथे आणतो आणि त्याच्यासमोर हेच वाक्य लिहितो. लाल ओळ त्याला दिसेल."

"मी आत्ता ठसा पुसला तर? तुमचं वाक्य सरळ जाईल. सिद्ध काय होणार?"

"पुसा ना. ठसा गेला की त्याने अडवलेलं सगळं आपोआप सुटतं. डॉक्टरांचा मेलही सुटेल. ठेवलात तर पुरावा, पुसलात तर बातमी."

केंघे यांनी चष्मा काढला. "दुरुस्तीला अजून तीन आठवडे लागतील. आधीच बोभाटा झाला तर लोक घाबरून पट्टा बांधायचंच सोडतील. मग यंत्र बंद पडून मरतील. मी काय मजेने गप्प बसलोय?"

"नाही, साहेब. म्हणूनच लिहिलंय, ताप नसताना न चुकता बांधा." तो खुर्चीत पुढे सरकला. "एवढंच सांगा. सुलभाचं यंत्र मी तपासायला दिलं होतं. त्यात काय निघालं?"

"त्यावरूनच हा दोष कळला, प्रल्हादराव."

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होते. प्रल्हादने उठून खिडकी लावून घेतली.

"पट्टा तुम्ही बांधलात," केंघे म्हणाले, "पण बांधायला आम्ही सांगितलं होतं. आजारपणात चार्जिंग चुकवू नका, असं आम्हीच प्रत्येक घरी सांगून येतो. तुम्ही चुकला नाहीत."

केंघे यांनी संगणक पुढे ओढला आणि ठसा पुसला.

आतापर्यंत ज्याचे त्यालाच दिसणारे अडकलेले मेल पडद्यावर सुटू लागले. एक प्रल्हादचा, एक तस्नीमचा, असे दोनतीन निघतील अशी प्रल्हादची समजूत होती. पण ओळी थांबेनात. दुरुस्ती विभागातल्या गवळीचा सासूला. हिशेबनिसाचा मित्राला. उपाहारगृह चालवणाऱ्या शकुंतलाबाईंचा वरच्याच मजल्यावरच्या इंजिनिअरला, 'साहेब, माझ्या जावेला असं असं झालं, तुमच्या यंत्राने तर नाही ना?' प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी काहीतरी पाहिले होते, विचारले होते, आणि लाल ओळ बघून तो गप्प बसला होता. आपल्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही, असेच प्रत्येकाला वाटले होते. शेजारच्याला लिहिले तरी कुलूप अडवत होते.

सगळ्यांत जुना मेल सगळ्यांत वर होता. पाठवणारा, निरंजन केंघे. सिन्नरला, बहिणीला. 'ताई, ताप असेल तर पट्टा बांधू नकोस.'

"कुलपातून मलाही सूट नको असं मीच म्हटलं होतं," केंघे म्हणाले. "फोन करायला हवा होता. पण खरं सांगू? कुलपाने अडवलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. नियमच आहे, आपण काय करणार!"

प्रल्हादला त्यांचा राग आला नाही. त्याने टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"मेल त्या कधी उघडतील कुणास ठाऊक. लावा."

बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"ताई, मी निरू. ताप-बीप नाही ना तुला?"

"कालपासून आहे की," पलीकडचा थकलेला आवाज खोलीभर ऐकू आला. "तुला कुणी सांगितलं? म्हणून तर सकाळपासून तो पट्टा शोधतेय. मेला कुठं ठेवलाय... थांब रे, हा बघ, सापडला."

"ताई, बांधू नकोस! खाली ठेव तो. आधी खाली ठेव!"

"अरे, ओरडतोस काय असा? ठेवला बाबा."

प्रल्हादने फोन केंघे यांच्या हातातून घेतला.

"ताई, शेजारी कुणी आहे का? त्यांना हाक मारा," तो म्हणाला. "आम्ही निघालोच."