मागचा खांदा

ऑक्टोबर लागला की चारही गाड्या धुवायच्या, टाक्या रिकाम्या करायच्या आणि ताडपत्री घालून शेडमध्ये उभ्या करायच्या, हे आपल्या रिसॉर्टचं दरवर्षीचं काम. भावेश, प्रणय, तुम्ही यंदाच कामाला लागलात. तुम्हाला वाटतं, मालक कंजूष आहे म्हणून सीझनच्या शेवटच्या चिखलात गाडी काढू देत नाही. कंजूष तर तो आहेच. पण रात्री वाडीच्या वाटेवर गाडी न्यायची नाही, हा नियम मालकाचा नाही, माझा, या कुंडलिकाचा आहे. तुमचा व्हिडिओ उद्या उजेडात काढा. आता तो दिवा बारीक करा, किडे येतात. चावी इकडं द्या आणि बसा.

साल २०२२. कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. ऑक्टोबरची अकरा तारीख, मंगळवार. कोजागिरीपर्यंत पाऊस कोसळत होता, मग दोन दिवस कडक उघडीप पडली. संध्याकाळी अजय तुमच्या याच शेडसमोर तिसरी एटीव्ही, ही चिखलातली चारचाकी फटफटी, धूत बसला होता. जाड चाकांच्या खाचांतला चिखल काडीने उकरून काढायचा त्याचा नाद. बाकीची पोरं नुसता पाइप मारून मोकळी होतात, तुमच्यासारखी.

अजय वरच्या वाडीतला, सावळ्याचा थोरला. पोराचा हात सोन्याचा आणि तोंडाला कुलूप. मालकाच्या दोस्ताने त्याला दोन हिवाळे मनालीला नेला होता. तिथे बर्फावर स्नो स्कूटर चालवायची, पर्यटकांना मागे बसवून फिरवायचं. पडल्या-झडल्या माणसाला फळीच्या स्लेजवर बांधून खाली ओढत आणायचं कामही याच्याकडेच होतं. तिथल्या उस्तादाने त्याला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती, "मार्च की बर्फ पे अपनी ही लीक से वापस मत आना." म्हणजे आपल्याच चाकांच्या खुणेवरून परत यायचं नाही. सीझनच्या शेवटी बर्फ वरून कडक दिसतो आणि आतून पाणी झालेला असतो. एकदा तोलून धरतो, दुसऱ्यांदा गिळतो. अजय म्हणायचा, काका, आपला ऑक्टोबरचा चिखलही तसाच. दोन दिवस ऊन पडलं की वर साय धरते, खाली नुसतं लोणी. त्यावर ब्रेक मारायचा नाही, गॅस एकदम सोडायचा नाही, उभं राहून आपलं वजन इकडून तिकडे न्यायचं, की गाडी तरून जाते.

आठ-पन्नासला त्याचा फोन वाजला. त्याची आई, गोदी.

"अजय, छाया जाते रे. तुझी बहीण जाते. काय तरी कर."

छाया पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळपासून कळा होत्या, दुपारी कळा थांबल्या आणि रक्त सुरू झालं. वाडीला रस्ता नाही. दर निवडणुकीला मंजूर होतो, नंतर तो कुठे जातो कोण जाणे. आजारी माणूस बांबूला लुगडं बांधून, झोळी करून खाली आणायचा. त्याला चार तगडे गडी लागतात, दोन वाहायला, दोन खांदा बदलायला. त्या रात्री वाडीत तगडं कोणी नव्हतंच. कोणी भिवंडीच्या गोदामात, कोणी वाशिंदला कंपनीत, रात्रपाळीला. उरले म्हातारे आणि बाया.

अजयने माझ्याकडे नुसतं बघितलं. चावी मीच काढून दिली. मालकाला विचारलं नाही. अँब्युलन्सला फोन लावला, ती डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत येते म्हणाली. मधले चार किलोमीटर ज्याचे त्याने बघायचे होते.

अजय एकटाच निघाला. चढताना गाडी सुरेख गेली. विसाव्याच्या खाली, दोन दरडींच्या मधे ती अरुंद खाच आहे ना, तिथे अजय उभा राहिला, एकसारखा गॅस धरला आणि सायीवरून अलगद निघून गेला. मागे वळून त्याने बॅटरी मारली. चाकांनी साय चिरलेली होती, भेगांतून पाणी वर येत होतं. याच वाटेने परत यायचं आहे हे त्याला कळलं, आणि दुसरी वाट नाही हेही कळलं.

घरात दोन बाया छायाला धरून होत्या. सुईण जनी बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल. ती म्हणाली, "आमच्या हातचं नाय आता. सकाळ नाय बघायची ही."

"तोंड आवर," गोदी ओरडली आणि मग अंगणातच बसून रडायला लागली. सावळ्या नुसता कंदील धरून उभा होता.

अजयने छायाला मागच्या सीटवर बसवलं आणि आईचं लुगडं दोघांभोवती गुंडाळून तिला आपल्या पाठीशी बांधलं. गाडीवर तिसऱ्याला जागा नव्हती. निघाले ते दोघंच. आता त्याला उभं राहता येईना. वजन हलवता येईना. पाठीवर बहिणीचा श्वास लागत होता आणि कमरेखाली काहीतरी ऊन ऊन झिरपत होतं. बारक्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत तो उतरत होता. दर वळणावर विचारत होता, "छाये, जागी हायस ना गो?"

"हाय," ती म्हणायची. मग "हं." मग नुसता श्वास.

खाचेत गाडी शिरली आणि साय फुटली. पुढची चाकं गेली, मग मागची. त्याने गॅस दिला, तशी ती आणखी बसली. आसापर्यंत गेली. इंजिन दोनदा उचक्या देऊन बंद पडलं.

त्याने लुगडं सोडलं. छायाला उचलून वर विसाव्याच्या दगडावर नेऊन ठेवलं. हा दगड तुम्ही बघितलाय, मोठ्या जांभळाखालचा. झोळी टेकवून दम खायची जागा म्हणून त्याला विसावा म्हणतात. मग गाडीच्या चाकाखाली दगड टाकले, फांद्या टाकल्या, नखं फुटेस्तोवर चिखल उपसला. गाडी इंचभर हलली नाही. फोनला रेंज नव्हती. रात्रीचे पावणेबारा. खाली, दीड किलोमीटरवर, अँब्युलन्सचा निळा दिवा झाडांतून लुकलुकत होता. एवढा जवळ दिसत होता की पोराला रडू फुटलं.

पाठुंगळीला घेऊन बघितलं. दहा पावलांत ती घसरायला लागली, आणि पोट दाबलं गेलं की रक्त भळभळायचं. परत दगडावर ठेवली. तिला ठेवून धावत खाली जावं, सुयोगला, म्हणजे अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला घेऊन यावं, असं मनात आलं. तर तिने त्याचा शर्ट धरला.

"इथं ठेवू नको दादा... या दगडावर नको."

"का गो?"

"इथं आधीच कोण झोपलंय... गार लागते ती."

अजयने बॅटरी फिरवली. दगडावर छायाखेरीज कोणी नव्हतं. बॅटरी फिरता फिरता जांभळाच्या बेचक्यात गेली. तिथे बांबू ठेवलेला होता.

पोरांनो, तो बांबू कसला ते ऐका. झोळीतलं माणूस वाटेत गेलं, तर तो बांबू परत वाडीत नेत नाहीत. जाळायचाही नाही. गेलेलं माणूस जिथे गेलं तिथेच झाडात ठेवायचा. त्याचा मुक्काम राहिलेला असतो. त्याला हात लावायचा नाही. लावलाच, तर मुक्कामाला पोचेपर्यंत खाली टेकवायचा नाही.

हा बांबू होता गिरजाचा. राघोची बायको. अजयच्या शेजारचंच घर. त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी, टाळेबंदीच्या साली, श्रावणात, तीही अशीच पोटुशी, अशीच झोळीतून निघाली होती. विसाव्याला चौघांनी झोळी टेकवली. परत उचलली तेव्हा ती गेलेली होती.

अजयला हे सगळं ठाऊक होतं. शहरातला पोर असता तर त्याने काठी म्हणून उचलला असता. हा बेचक्याखाली उभा राहिला. बांबूवर लुगड्याची जुनी गाठ अजून होती, ती बोटांना लागली. त्याने हात मागे घेतला.

मागे छायाचा श्वास एकदा आला. मग बराच वेळ आला नाही.

त्याने बांबू काढला.

लुगडं बांधलं, छायाला झोळीत घातलं. पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. मागे कोणी नाही. मनालीला स्लेज ओढायचा तसा मागचं टोक जमिनीवर सोडून ओढायला लागला. टेकवायचा नाही हे माहीत होतं. पण एका माणसाला दोन टोकं कशी उचलणार? दरडीच्या कडेकडेने खाच ओलांडली. मागे बांबू चिखलात खरखरत होता. खर्र... खर्र... खर्र... प्रत्येक दगडावर छाया कण्हत होती. तो मनात पावलं मोजत होता.

तीस मोजलं.

खरखर थांबली.

त्याला वाटलं लुगडं फाटलं, छाया मागे पडली. पण खांद्यावर वजन होतं. निम्मं. तिरपा बांबू आडवा झाला होता. झोळी हलत होती... डावीकडे, उजवीकडे... डावीकडे, उजवीकडे. दोघं वाहतात तेव्हा हलते तशी.

त्याने मागे बघितलं नाही.

बघावं असं वाटलं. मान वळली नाही. बॅटरी दातात होती, उजेड पुढेच पडत होता. मागे पाऊल वाजत नव्हतं. श्वास नाही. बांगडी नाही. काही नाही...

शंभर पावलं. दीडशे.

"खांदा."

अगदी हळू. वाहणारे सांगतात तसं. बाईचा आवाज. छायाचा नव्हे.

अजयने खांदा बदलला. मागेही बदलला गेला, ते त्याला बांबूत कळलं.

चालला. पोरगा चालला... तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. निळा दिवा जवळ येईना. पायात गोळे आले. छातीत भाता फुटायला आला. जरा थांबतो, त्याला वाटलं. एक श्वास. फक्त एक. गुडघे आपोआप वाकले, चिखलात रुतले. खांदा खाली गेला. पुढचं टोक भुईला लागणार...

"टेकवू नको."

...

"टेकवू नको रे. मला टेकवलं होतं."

तो उठला. कसा उठला ते त्याला आजही सांगता येत नाही. मग धावलाच.

डांबरीवर पोचला तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. सुयोग बॅटरी घेऊन पुढे धावत आला. त्याला अजय एकटाच दिसला आणि बांबूचं मागचं टोक जमिनीवर होतं, असं तो शपथेवर सांगतो. त्यांनी छायाला गाडीत घातली, मुरबाडला नेली, रक्त चढवलं. छाया वाचली. बाळ नाही वाचलं. दोन्ही मागणं फार झालं असतं, असं गोदी म्हणते.

अजयने मला हे सगळं त्याच पहाटे हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सांगितलं. आवाज कोणाचा होता ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला विचारायची गरज नव्हती. गिरजाच्या झोळीला माणूस कमी पडला म्हणून खालच्या गावातून मला बोलावलं होतं. मागचा खांदा माझा होता. माझीच पाठ भरून आली, मीच म्हणालो, टेकवू या, एक बिडी ओढू या. ती झोळीतून म्हणत होती, थांबू नका. मी म्हटलं, दोन मिनिटं गो बाय, मरत नाय तू. अशी माझी जीभ. तुम्ही मला खुशाल नावं ठेवा, मी ऐकून घेईन.

सकाळी सातला मी दोर घेऊन गाडी काढायला वर गेलो. रात्रभर पाऊस नव्हता, वाट जशीच्या तशी होती. विसाव्यापासून बांबू ओढल्याची रेघ निघत होती. मी पावलांनी मोजली. तीस पावलं, आणि रेघ संपली. तिथून खाली नुसते अजयचे गमबूट.

जिथे त्याचे गुडघे टेकले होते ती जागाही सापडली. दोन खड्डे, वीतभर खोल, पाणी साचलेले. बांबू दहा फुटांचा. म्हणजे मागचं टोक धरणारा जो कोणी असेल, तो सात-आठ फूट मागे उभा असणार. मी तिथे गेलो, वाकलो. चिखलावरची साय सलग होती. पाऊल नाही, ओरखडा नाही, भेगसुद्धा नाही. मला वाटलं, इथे जमीन टणक असेल.

मी नुसतं बोट लावलं, तर साय मोडली.