चौथी मुलाखत

ऐकण्याच्या खोलीतला संगणक सुरू केला आणि विभागातल्या सगळ्यात लहान संशोधिकेच्या, धाकटीच्या, पायाखालची जमीन सरकली. मुलाखतींचा कप्पा रिकामा होता.

बंदरावरच्या क्रेनचालकांच्या मुलाखती होत्या त्या. उंच केबिनमध्ये दिवसभर एकट्याने काम करणाऱ्या माणसाच्या मनाचं काय होतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. त्या आवाजांशिवाय इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

विद्यापीठाचे दक्षता अधिकारी लगोलग हजर झाले. पोलिसातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना फौजदार म्हणत. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. इथे एरवी फक्त सायकली चोरीला जात.

"दुसरी प्रत?" त्यांनी विचारलं.

"नाही. आवाज या खोलीबाहेर जाणार नाही, असा चालकांना शब्द दिला होता."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि दाढीकडे."

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. दाढी म्हणजे तिच्या पुढच्या वर्षाचा संशोधक, तिचा मदतनीस. कामाची पद्धत अशी, की दोघांनी एकच मुलाखत वेगवेगळी ऐकायची आणि तुकड्या-तुकड्यावर शिक्का मारायचा: थकवा, राग, रडू. मग शिक्के जुळतात का ते पाहायचं. तोवर एकमेकांपाशी अवाक्षर काढायचं नाही. सर याबाबतीत इतके कडक, की दोघांचं एकत्र चहाला जाणंही बंद झालं होतं.

"म्हणजे एकटेपणा अभ्यासायला दोन माणसांना एकटं पाडलं. वा!" फौजदार म्हणाले.

धाकटी हसली नाही.

"शिक्क्यावरून कोण बोलतंय ते कळतं?"

"नाही. नुसती वेळ आणि शिक्का."

"तुझे शिक्के कुठे असतात?"

"याच संगणकावर. पासवर्ड दोघांचा एकच आहे. पण बघायचे नाहीत, असं ठरलेलं."

"बरं. पुसल्याची तारीख कालची दिसतेय. आवाज कालच का पुसले असतील?"

"बाहेरच्या परीक्षकबाईंचा कालच फोन आला होता, सरांनी आम्हा दोघांनाही सांगितलं. आमचे शिक्के फारच जुळतात म्हणाल्या. तिसऱ्या माणसाने सगळं पुन्हा ऐकावं, असं त्यांचं म्हणणं."

"तुला चालणार होतं?"

ती घुटमळली. "चौथी मुलाखत सोडून."

"तिच्यात काय आहे?"

"दाढीला विचारा. त्याने ऐकलीय." तिने मान फिरवली. "ऐकूनही गप्प बसलाय."

फौजदारांनी जास्त ताणलं नाही. पण लपवायचं काहीतरी हिच्याकडेही आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

सर आपल्या खोलीत येरझारा घालत होते.

"पुढच्या प्रकल्पाला बंदराची कंपनी मदत करणार आहे ना?" फौजदारांनी सरळ विषयाला हात घातला. "तिथले चालक एकटेपणाने पिचलेत, हे बाहेर आलेलं त्यांना आवडेल?"

"नाही आवडणार. म्हणून मी पोरीचा गळा कापीन?" सर उखडले. "तिचा प्रबंध बुडाला तर माझंही नाक कापलं जाईल, साहेब!"

दाढी कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकटाच बसला होता. समोरचा चहा गार झाला होता.

"चौथी मुलाखत आठवते?"

"आठवते ना. त्यात रडण्याचा भाग आहे. तो क्रेनवाला रडतो."

"आणि धाकटी काय करते?"

"ती शांतपणे पुढचा प्रश्न विचारते. कामाला पक्की आहे ती."

फौजदारांनी ते वहीत टिपून घेतलं. मग धाकटीची परवानगी घेऊन थेट बंदरावर गेले. चौथा चालक जेवणाच्या सुट्टीत खाली उतरला होता. मोठ्या हाडापेराचा, मिश्किल माणूस.

"मुलाखतीत तुम्ही रडलात म्हणे?"

"मी? काहीतरीच काय! मी तर पाण्याची बाटली पुढे केली. शिवाय माझा रुमाल गेला तो गेलाच." तो हसला, मग गंभीर झाला. "पोरीला सांगा, पुन्हा ये म्हणावं. वर कोणी येत नाही हो."

संध्याकाळी सरांच्या खोलीत तिघे जमले. फौजदार उभेच राहिले.

"धाकटीला तिसरं माणूस नको होतं, कारण त्या मुलाखतीत तीच रडली होती. पण तिने लाज झाकायला आवाज पुसले असते, तर एकच पुसला असता. सगळे पुसून स्वतःचा प्रबंध कशाला बुडवेल? सरांना कंपनीची भीती असती, तर ते मुलाखती होईपर्यंत थांबलेच नसते. आवाज पुसले गेले ते कोणीतरी पुन्हा ऐकणार म्हटल्यावर. म्हणजे पुन्हा ऐकण्याची भीती कोणाला? ज्याने मुळात ऐकलंच नाही, त्याला."

दाढीचा चेहरा उतरला.

"तुम्ही तिचे शिक्के उतरवलेत. शिक्का सांगतो, इथे रडू आहे. कोणाचं, ते सांगत नाही. ऐकलं असतंत तर तिचा आवाज ओळखला असतात. तुम्ही गृहीत धरलंत, की क्रेनवालाच रडणार. परीक्षकबाईंना संशय आला आणि तुम्ही पुरावाच पुसून टाकला."

"पहिली ऐकली होती," दाढी खालच्या मानेने म्हणाला. "तो चालक म्हणाला, दिवसभरात मी दोनच शब्द बोलतो, 'उचललं' आणि 'ठेवलं'. मी खोलीवर गेलो आणि लक्षात आलं, आज मी तेवढेही बोललेलो नाही. पुढची लावायची छातीच झाली नाही."

"तुला चौकशी समितीपुढे उभं राहावं लागेल," सर म्हणाले. "आणि हिला सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"करीन," धाकटी म्हणाली. "चौथे चालक पुन्हा बोलावतायत."

दाढीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "चौथीत काय होतं?"

"मी विचारलं, वर एकटं वाटतं का? ते म्हणाले, माझं सोड पोरी, तुझं काय? आणि माझा बांध फुटला."

"काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, खाली माझ्याशी कोणीच बोलत नाही. पण हे सगळं माझा एक मित्र ऐकणार आहे. ऐकलं की तो नियम-बियम बाजूला ठेवून माझं दार वाजवेल." तिने पिशवी खांद्याला लावली. "तेव्हापासून मी रोज खोलीवर लवकर जात होते, दाढी."